एकवीस गाठी

नळदुर्ग, २५ जुलै १९४८, रविवार

रेवणसिद्धानं आज जेवता जेवता सांगितलं, "अक्का, गंगीला सोलापूरला पोचवायचं. तूच नेशील." जसं काही दोन पायली तूर पोचवायची आहे. माझा घास तोंडात तसाच राहिला.

माझा हा धाकटा भाऊ मुळात बोलतो कमी, आणि बोलला की असा. त्याची बायको शांतम्मा फाल्गुनात बाळंतपणाला माहेरी सोलापूरला गेली. गंगीला तेव्हा डांग्या खोकला होता, म्हणून पोर महिनाभर माझ्याकडं ठेवली. महिन्याचे पाच झाले. मोटारी बंद पडल्या, सडकेवर रझाकारांच्या टोळ्या फिरायला लागल्या, आणि सोलापूर चौदा कोसांवर असून विलायतेएवढं लांब गेलं. ज्येष्ठात शांतम्माला मुलगा झाला, तो दीड दिवसच राहिला. आज संस्थानाच्या हद्दीपलीकडून आलेल्या माणसानं निरोप आणला. शांतम्मा जेवत नाही, भिंतीकडं तोंड करून पडते, माझी पोर दाखवा एवढंच म्हणते.

वाईट वाटलं. पण मला लेकरांचा सराव नाही. अक्कलकोटला सात वर्षं नांदले, मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी आणली, मी माझी ट्रंक उचलून परत आले. त्याचं आता काही वाटत नाही. हे एवढ्यासाठीच लिहिलं की चौदा कोस पोर वागवणं हे माझं काम नव्हे.

गंगीचं खरं नाव शिवगंगा. दिवाळीला दोन वर्षांची होईल. मला ती आव्वा म्हणते. आव्वा म्हणजे आई. शंभरदा सांगितलं, आत्या म्हण. ऐकत नाही. मीच आता नाद सोडला.

२७ जुलै, मंगळवार

दगडोबा गाडीवान येऊन वाट सांगून गेला. पाच पोरी उजवलेला माणूस, त्याच्या शब्दावर भरवसा आहे. सडक सोडून आडवाटेनं जायचं. हद्दीच्या अलीकडं एका जागी सडक ओलांडावीच लागते. तिथं दुपारी टोळीची मोटार फिरते. ती जाईपर्यंत बाजरीत दबा धरून बसायचं, मोटार गेली की पलीकडं. दगडोबा म्हणाला, "तितं चू करायचं न्हाय बगा, अक्का. आमच्या बैलांस्नी कळतंय. लेकराचं काय?"

लेकराचं काय, मीही रात्रंदिवस तेच म्हणते आहे. गंगी गप्प बसते ती फक्त झोपेत, आणि झोपेतही बडबडते.

२९ जुलै, गुरुवार

आमच्या वडिलांचं, बापूंचं, खिशातलं घड्याळ पेटीतून काढलं. परसात सोडलेल्या गाडीत गंगीला घेऊन बसले आणि कशानं ती किती वेळ रमते ते बघितलं. शेजारची मल्लम्मा कुंपणावरून बघत होती. तिला वाटलं, अक्काच्या डोक्यावर परिणाम झाला.

चिंध्यांची बाहुली: तीन मिनिटं. मग बाहुली बैलाच्या दावणीत.

गुळानं चिकट केलेल्या बोटांना पारव्याचं पीस: बारा मिनिटं. या हाताचं काढलं की त्या हाताला चिकटतं. हे चांगलं आहे. बाराव्या मिनिटाला पीस तोंडात घातलं आणि ठसका लागला.

डबा आणि पळी: वेळ लावलाच नाही. तो आवाज हैदराबादेपर्यंत गेला असेल.

शेवटी सहज जुन्या लुगड्याच्या फडक्याला गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठीत एक मनुका नाहीतर खोबऱ्याचा काप बांधला. बाईसाहेब मांडी घालून बसल्या. जीभ ओठाच्या कोपऱ्यात. तोंडातून शब्द नाही. एक गाठ सुटली, मनुका निघाली. तर ती तोंडात घालण्याआधी तिनं स्वतःच्या गळ्यातल्या, बारशापासून बांधलेल्या लिंगाच्या वस्त्राला लावली. मी पूजेला बसते तेव्हा मांडीवर असते ना. आधी शिवाला, मग जिवाला, हे मी रोज म्हणते. त्याचं हे फळ. दुसरी मनुका माझ्या तोंडात कोंबली. तिसरी स्वतःच्या.

अकरा गाठी, चव्वेचाळीस मिनिटं. म्हणजे गाठीला चार. मी चार वेळा हिशेब करून बघितला.

३१ जुलै, शनिवार

आमच्यासोबत बलभीम मास्तर आणि त्यांची बायको धुरपदाबाई येणार आहेत. मास्तरांनी शाळेवर तिरंगा लावला, तेव्हापासून त्यांच्या नावानं टोळी गावं धुंडाळते आहे. सापडले तर जिवंत सोडणार नाहीत. गेला महिनाभर ते कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीत राहतात. आज आले तेव्हा केसांत काड्या होत्या.

मला म्हणाले, "बाई, राग मानू नका. पोरीला अफू द्यावी लागंल."

मी म्हटलं, "तुम्ही घ्या."

धुरपदाबाई मधे पडल्या. पलीकडं जाणारे सगळेच देतात म्हणाल्या. मजुरणी नाही का पोराला राईएवढी चाटवून बांधावर निजवत, तसंच. मला ते बांधावरचंच आठवतं. गेल्या साली भुईमुगाच्या सुगीत एका मजुरणीचं पोर निजवलं ते उठलंच नाही. ती बाई संध्याकाळपर्यंत त्याला पाजायला बघत होती. मी तिथं होते. मी हे सांगितलं तर मास्तर खाली बघत म्हणाले, "एका लेकराच्या आवाजापायी चार माणसं जायाची."

त्यांचंही चुकत नाही, याचाच मला जास्त राग आला.

१ ऑगस्ट, रविवार

उद्या निघायचं ठरलं होतं. गंगीचं नाक वाहतं आहे. शिंक काय सांगून येते? मी नाही म्हणून सांगितलं.

७ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा नाही. नाक बरं झालं, पण मला आभाळाचा भरवसा वाटेना. रेवण उंबऱ्यावर बसून बराच वेळ माझ्याकडं बघत होता. "अक्का, आभाळ तर कोरडं हाय," म्हणाला. मी म्हटलं, तुला आभाळातलं काय कळतं, तू तराजू बघ. तो उठून दुकानात गेला. तो स्वतः येत नाही, कारण दुकान बंद दिसलं तर लगेच बोभाटा होईल. ते बरोबर आहे. पण मग घाई कशाला करतो?

गंगीला आज झबलं शिवलं. सोलापूरला जाताना चांगलं दिसायला हवं. बाह्या थोड्या लांब ठेवल्या, म्हणजे हिवाळ्यातही मला परत शिवावं लागायला नको.

१२ ऑगस्ट, गुरुवार

पंचमी झाली. सोलापूरहून दुसरा निरोप आला. शांतम्मा आता पाणीही नाही म्हणते. रेवण आत जाऊन तोंड धुऊन आला.

मी दगडोबाला सांगितलं, सोमवारी. श्रावणी सोमवार आहे, देवाला निघालो म्हणता येईल.

मल्लम्मानं अफूची गोळी आणून दिली. पळसाच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळलेली, काळी, राईहून जरा मोठी. धुरपदाबाईंच्या देखत मी ती पदराच्या टोकाला बांधली आणि देते म्हटलं. खोटं बोलले. दिवसभर फेकून द्यायचा विचार केला आणि फेकली नाही. कबूल करून टाकते. वेळ आलीच तर देणार नाही, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

सोलापूर, १७ ऑगस्ट, मंगळवार

पोचलो. काल लिहिलं नाही.

उजाडता निघालो. गंगी पहिले दोन कोस बैलांशी बोलली. पुढं पीस, मग गाडीच्या साट्यातल्या फटीतून मागं जाणारी वाट बघणं, मग मांडीवर उलटं होणं. नेहमीची दुपारची झोप लागायला आली, पण गाडीच्या हिसक्यांनी मोडली. झोप मोडलेलं पोर म्हणजे काय ते मला आता माहीत आहे. सडकेजवळ आलो तेव्हा ती रडायच्या काठावर होती.

दगडोबानं गाडी ओढ्याकडं वळवली आणि आम्ही चौघं बाजरीत शिरलो. बाजरी छातीएवढी. बसलं की माणूस दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. धुरपदाबाईंनी हळूच विचारलं, "दिली का?" मी म्हटलं, "दिली." "मंग डोळा लागंना का?" मी म्हटलं, "चढायला वेळ लागतो." आणि गाठींचं फडकं काढलं.

गंगी बसली. जीभ कोपऱ्यात. शिवाला, आव्वाला, गंगीला. अकरा गाठी होत्या. मोटार आली तेव्हा पाच उरल्या होत्या.

मोटार पुढं गेली नाही, थांबली. माणसं खाली उतरली, पाणी प्यायली, कुणीतरी विडी ओढली. वास आमच्यापर्यंत आला. मास्तर पालथे पडले होते आणि त्यांच्या पाठीवर एक मुंगळा चालला होता, तो मी बघत राहिले. पानांच्या फटीतून माणसांचे पाय दिसत होते. मी त्या पायांवरची नजर हलवली नाही. तीच चूक झाली.

फडक्यावरच्या गाठी कधी संपल्या ते मला कळलं नाही. नजर खाली गेली तेव्हा गंगीच्या हातात माझा पदर होता. टोक सुटलेलं. पळसाचं पान तिच्या मांडीवर. गोळी नाही.

मी तिच्या तोंडात बोट घातलं. ती चावली. तोंड रिकामं. मातीत चाचपलं, झबल्यात चाचपलं. ती हसली, तिला तो खेळ वाटला. गाठी मारायला, सोडायला, सापडेल ते तोंडात घालायला मीच तर शिकवलं होतं. अठरा दिवस, घड्याळ लावून.

तिला ओकायला लावायला हवं होतं. घशात बोट घातलं असतं तर ती किंचाळली असती. मास्तर माझ्याकडं बघत होते. त्यांना काही कळलं नव्हतं. मी तिला छातीशी धरलं आणि काही केलं नाही. घड्याळ हातात होतं. सात मिनिटं. मोटार चालू होऊन आवाज विरेपर्यंत सात मिनिटं मी काही केलं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहून ठेवते.

मग मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी खोटं बोलले. दिली नव्हती. आता तिनं स्वतःच खाल्ली."

धुरपदाबाई मला रागे भरतील वाटलं होतं. त्यांनी पोर माझ्याकडून ओढून घेतली आणि बोट घशात घातलं. गंगी ओकली, मनुका आणि खोबरं. काळं काही दिसलं नाही. "झोपू द्यायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "कायबी झालं तरी झोपू द्यायचं न्हाय."

सकाळपासून जिला गप्प करायला आम्ही जिवाचं रान केलं, तिला आता बोलती ठेवायची. आणि ती पेंगायला लागली. तिची झोपायची वेळ टळून गेली होती, की गोळी चढत होती, कुणाला सांगता येणार? मान पडायची, मी गालावर मारायचे. डोळ्यांवर पाणी मारलं. पळी आणि डबा आणले नाहीत म्हणून स्वतःला शिव्या दिल्या. गाडीत मी ओरडून गाणी म्हटली, मला दोनच येतात. तेव्हा मास्तर, ज्यांच्यामागं सगळी टोळी लागली आहे ते मास्तर, गाढवासारखे ओरडले. मग कोंबड्यासारखे. मग रेड्यासारखे. गंगीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "पुना."

हद्दीपर्यंत ते ओरडत होते. आवाज बसला तरी ओरडत होते.

हद्दीच्या ओढ्यापलीकडं गाडी थांबवली. ओकारीनं भिजलेलं झबलं काढलं, तिला पाण्यात उभी केली. ती रडायला लागली. चांगली रडली, पोटातून. गळ्यातलं लिंगाचं वस्त्र ओलं झालं होतं, म्हणून सोडून पिळायला घेतलं. आत लिंगाशेजारी एक खोबऱ्याचा काप आणि ती काळी गोळी.

आधी शिवाला.

मी ओढ्यात बसले ती उठेना. दगडोबा म्हणत होता, अक्का, लुगडं भिजतंय. भिजू दे म्हटलं.

२१ ऑगस्ट, शनिवार

शांतम्माकडं बघवत नाही. मनगटाची नुसती काडी झाली आहे. गंगीला बघून ती पहिल्यांदा उठून बसली, हात पुढं केले. गंगीनं माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि "आव्वा" म्हणून ओरडली.

शांतम्माचे हात तसेच पुढं राहिले. मग तिनं ते चादरीखाली घेतले. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि खरं सांगते, त्याच वेळी मला बरंही वाटलं. लिहून ठेवते म्हणजे पुन्हा खोटं बोलायला नको.

पाच दिवस तेच. पोर माझ्याशिवाय खात नाही, निजत नाही. शांतम्मानं बोलावलं की माझ्या निऱ्यांत शिरते. काल शांतम्मा फुलपात्रभर दूध प्यायली, गंगी समोर खेळत होती म्हणून. आज गंगी तिच्या अंगावर ओरडली, तर आज काही घेतलं नाही.

शांतम्मा म्हणाली, "अक्का, तुम्ही इथंच ऱ्हावा. पोर तुमची झाली. माझ्या डोळ्यापुढं हाय, तेवढं बास."

मी म्हटलं, वेडी का काय. आणि बाहेर येऊन नळाखाली पाय धूत बसले. ती असं म्हणायची मी पाच दिवस वाट बघत होते, हे पाय धुताना कळलं. अंगण ओलं झालं तरी मी धूतच होते.

२४ ऑगस्ट, मंगळवार

रेवण तिकडं एकटा आहे, त्याला भाकरी कोण करून घालणार? दगडोबा उद्या परत निघतो आहे. बाईमाणूस एकटी असली तर सडकेनं सोडतात म्हणतो. मी जाते म्हटलं. शांतम्माच्या आईनं हात जोडले, गाव निवळेपर्यंत थांबा म्हणाली. गाव निवळेपर्यंत थांबले तर गंगी शाळेत जाईल.

आज दुपारी बसून फडक्याला एकवीस गाठी मारल्या. सैल मारायच्या होत्या. घट्ट मारल्या.

२५ ऑगस्ट, बुधवार. गाडीत

दुपारी जेवणं झाल्यावर गंगीला शांतम्माच्या अंथरुणावर बसवलं. मी जवळच बसले. फडकं शांतम्माच्या हातात दिलं, गंगीच्या नाही. तिला आधीच सांगून ठेवलं होतं, पहिली गाठ तू सोड, चुकल्यासारखं कर. तिनं तसं केलं. खरं तर तिला करावं लागलं नाही, बोटांत जोर कुठं आहे. गंगीनं जरा वेळ बघितलं आणि "असं न्हाय" म्हणून फडकं ओढून घेतलं. ओढताना तिच्या मांडीत जाऊन बसली.

पहिली मनुका शिवाला. दुसरी निघाली तेव्हा तिनं माझ्याकडं हात केला. मी म्हटलं, मला नको, माझं पोट भरलं. ती जरा थांबली. मग मान मागं वळवून ती मनुका शांतम्माच्या तोंडात कोंबली. शांतम्मानं ती चावली. नऊ दिवसांत तिनं आपणहून चावलेली पहिली वस्तू.

मी तिसऱ्या गाठीला उठले. गंगीनं वर बघितलं नाही, जीभ कोपऱ्यात होती. चपला हातात घेऊन अंगण ओलांडलं. दगडोबा बैल जुंपून उभा होता. मी घड्याळ बघितलं, पावणेदोन.

अठरा गाठी उरल्या होत्या. गाठीला चार मिनिटं. दगडोबा म्हणतो, अक्का, सारखं घड्याळात काय बगताय, बैल का घड्याळानं चालतेत? त्याला काय सांगणार.

गाडी हिसके देते आहे, अक्षर नीट येत नाही. आभाळ आजही कोरडं आहे. पदराच्या टोकाला एक गाठ सापडली, आत खोबऱ्याचा काप. कधी बांधला आठवत नाही. शिवाला लावला आणि पुन्हा बांधून ठेवला.

दोन वाजून सत्तावन्न. शेवटची सुटली असेल. आता रिकामं फडकं झटकेल, मान वर करील आणि आव्वा म्हणेल.

शांतम्मा, ओ दे.